ओरनमार्कचं आख्यान

मुखरू बुवांच्या दिव्यानीला दगडी राखणदाराने एकशे त्रेचाळीस वेळा मारलं होतं, आणि रविवारचे दोन वाजले होते. पाच वाजता मुदत संपणार होती.

मुदत कसली, तर ऐका. दिव्यानी आठवड्याचे सहा दिवस वडस्याला एका दुकानात कॉम्प्युटरवर लोकांचे अर्ज भरून देई. सातव्या दिवशी मावसभावाच्या जुन्या लॅपटॉपवर ती खेळ खेळे. तलवारी, जादू, उडते सरडे, शापित राण्या असले खेळ. आणि खेळून झालं की ते सांगे. लाखोळीची भाजी निवडता निवडता शेजारच्या कलाबाईला ती असं सांगे की भाजी तशीच राही आणि कलाबाई विचारी, "मंग? त्या राणीनं काय केलं मंग?"

'खेळगडी' नावाच्या मराठी संकेतस्थळाला अशीच सांगणारी माणसं हवी होती. खेळ पूर्ण खेळायचा आणि बारा मिनिटांत आपल्या आवाजात त्याचं परीक्षण करायचं. दिव्यानीने एक पाठवलं. संपादक मॅडमचं उत्तर आलं, "माहिती बरोबर आहे. पण ऐकताना औषधाच्या खोक्यातला कागद कोणी वाचून दाखवतंय असं वाटतं. आणखी एकदा पाहू. रविवारी पाचपर्यंत, ओरनमार्क. आणि खेळ संपवल्याशिवाय बोलायचं नाही."

'आणखी एकदा' याचा अर्थ दिव्यानीला कळत होता. तो 'शेवटचं एकदा' असा होता.

ओरनमार्क हा सात खोऱ्यांचा खेळ. त्यात एरा नावाची एक रानकन्या. तिच्या गावातले सगळे दिवे विझलेले. सहा खोरी ओलांडून, लांडगे, चेटकिणी, दलदल सगळं मागे टाकून ती डोंगरावरच्या देवळाशी पोचते. देवळाच्या पायरीवर तो बसलेला. चार हात, दगडी पोट, हातात गदा. एराने उंबरठ्यावर पाय ठेवला की तो उठे, आणि गदा खाली येई. मेली. पुन्हा. मेली.

"अवो, आता तरी जेवतं का?" मुखरू बुवा आत आले. नदीवरून अंघोळ करून आलेले, खांद्यावर ओलं धोतर, कपाळाला ताजं गंध. झाडीपट्टीच्या चाळीस गावांत त्यांची कीर्तनं होत. दिव्यानी लहानपणापासून त्यांच्या मागे पेटी वाजवी. पुढच्या सप्ताहाची तालीम आज तीनला त्यांच्याच पडवीत होती.

"बाबा, थांबा. एकशे चव्वेचाळिसावी वेळ आहे."

"कायची?"

"मराची."

बुवा ओलं धोतर दांडीवर टाकून तिच्या मागे उभे राहिले. "हा कोण बसला?"

"बॉस आहे तो."

"कोण्या हापिसचा?"

"हापिसचा नाई बाबा! शेवटचा राक्षस. याले हरवलं की मंग मले खेळाचं परीक्षण कराचं आहे."

"परीक्षण म्हणजे? सोयरिकीले पोरगी पाहाले गेल्यावानी? नाक बरं, डोळे बरे, सैपाक येते का?"

"हाव, तसंच समजा."

"मंग पोरगी पाह्याच्या आधी तिच्या बापाशी कायले भांडून राह्यली?"

गदा खाली आली. एकशे चव्वेचाळीस. दिव्यानीने कपाळ टेबलावर टेकलं. तेवढ्यात कलाबाई टाळ घेऊन आली. तिची तालमीला अर्धा तास आधी यायची रीत होती, कारण अर्धा तास आधी चहा होई.

"मेली का पुन्हा?" कलाबाई म्हणाली. "माय व! त्या मुडद्याले काई दयामाया?"

बुवा मात्र पडद्याकडे डोळे बारीक करून पाहत होते. "पोरी, मले एक सांग. हे देऊळच आहे न?"

"हाव."

"कळस आहे. घंटा आहे. दारात राखणदार आहे."

"हाव बाबा."

"मंग तुही ते पोट्टी जोडे घालून काऊन शिरते?"

दिव्यानीने मान वर केली. "ते जोडे नाईत बाबा. आगबूट आहेत ते! ज्वालामुखीतून आणले मी. सत्तेचाळीस संरक्षण आहे त्यायले!"

"सत्तेचाळीस असो का सत्तर असो. मी राखणदार असतो तं मीबी हाणलं असतं."

"बरोबर आहे मुखरूभाऊचं," कलाबाई म्हणाली. "एवढी मोठी तलवारवाली झाली, पण घरच्यायनं वळण नाई लावलं."

"अवो कलाकाकू, तो खेळ बाहेरदेशातल्या लोकायनं बनवला. त्यायले काय ठाऊक जोडे अन् बिडे! बूट काढले तं एका फटक्यात मरन मी."

"आता कितीक फटक्यात मरते?" बुवांनी विचारलं.

आताही एकाच फटक्यात मरत होती.

निव्वळ या दोघांचं तोंड बंद व्हावं म्हणून दिव्यानीने एराची पोतडी उघडली आणि आगबूट काढून ठेवले. एरा दगडावर अनवाणी उभी राहिली. आणि तिच्या पावलांचा आवाज बदलला! इतके दिवस खाडखाड वाजणारी पायरी आता कोणी हळूच पाटावर तांदूळ ओतावे तशी वाजू लागली. दिव्यानीच्या अंगावर काटा आला. एवढ्यासाठी वेगळा आवाज कोण कशाला बनवेल?

एक पायरी. दुसरी. उंबरठा.

राखणदाराने डोळा उघडला. गदा वर गेली. कलाबाईने डोळे मिटून घेतले. गदा वरच थांबली, थरथरली, आणि मग सावकाश, पोतं खाली ठेवावं तशी, जमिनीवर टेकली. चार हातांपैकी दोन जोडले गेले. उरलेल्या दोहोंनी दार उघडलं.

दिव्यानी अशी किंचाळली की आंब्यावरचे पोपट उडाले. कलाबाईच्या हातातले टाळ पडले आणि गडगडत चुलीपर्यंत गेले. बुवा तेवढे शांत होते. "पाह्य," ते म्हणाले, "समजदार माणूस आहे बिचारा."

आत लढाई नव्हतीच. एक लामणदिवा होता. तो उचलून एराने गावाकडे निघायचं. वाटेतली सहाही खोरी पुन्हा लागली, पण आता लांडगे बाजूला सरत, चेटकिणी डोक्यावरून पदर घेत, दलदलीत बेडूक ओळीने बसत. कलाबाईला भडभडून आलं. "काकडा घेऊन निघाली व लेक!" ती पदराने डोळे पुसत म्हणाली.

दिवा गावात लागला तेव्हा साडेतीन झाले होते.

आता खरी परीक्षा. दिव्यानीने मायक्रोफोन जोडला, लिहिलेला कागद समोर धरला आणि घसा साफ केला. "नमस्कार मित्रांनो. ओरनमार्क हा एक तृतीय-पुरुषी दृष्टिकोनातील कल्पनारम्य साहसी..."

"कोण मेलं?" दारातून चैतूकाकांनी विचारलं. हे मृदंगवाले. हंगाम नाटकांचा, म्हणून काल रात्रभर तिकडेही वाजवून आलेले, डोळे तांबारलेले.

दिव्यानीने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तोच औषधाचा कागद. तिसऱ्यांदाही तोच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. राखणदार उठून बाजूला झाला होता, आणि आता तिचा स्वतःचा घसा दारात आडवा बसला होता. "मले नाई जमत बाबा. कलाकाकूले सांगतो तं जमते. इथी हे माईक पाह्यलं की जीभ लाकूड होते."

बुवांनी तिच्या हातातला कागद काढून घेतला. मग म्हणाले, "तू बसून काऊन बोलते?"

"मंग?"

"मी कधी बसून कीर्तन केलं? बसून माणूस हिशोब सांगते. आख्यान सांगाचं तं उभं राह्य लागते."

पडवीत तालमीसाठी, कीर्तनकार जिच्यावर उभा राहतो ती नारदाची गादी अंथरलेली होती. दिव्यानी आजवर त्या गादीच्या मागे, पेटीपाशी बसलेली. पुढून तिने ती कधी पाहिली नव्हती. चैतूकाका चाचरत म्हणाले, "बुवा, गादीवर ह्या खेळाबिळाचं... चालते का?"

 चेष्टेवारी न्यायची गोष्ट नव्हती ती. बुवांनी वाकून गादीला हात लावला, तो हात कपाळाला लावला. "जिनं दारात जोडे काढले ते आपलीच," ते म्हणाले. "तिची कथा सांगाले देव नाई म्हणन असं मले वाटत नाई. उभी राह्य माय. पण पायात काय आहे तुह्या?"

दिव्यानीने खाली पाहिलं. थंडीचे लोकरी मोजे. कलाबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. मोजे दारात गेले.

लॅपटॉप आणि मायक्रोफोन पडवीत आले, बुवा पेटीवर बसले. चैतूकाकांनी मृदंगावर थाप दिली. बुवांनी तिथल्या तिथे धृपद जोडलं:

*दारी ठेव गं भार सारा, मग उघडे गाभारा.*

आणि दिव्यानी बोलू लागली. आधी नमन केलं: ज्यांची नावंही उच्चारता येत नाहीत, पण ज्यांनी पावलांच्या आवाजातही जीव ओतला, त्या दूरदेशीच्या कारागिरांना. मग निरूपण: तलवार कोणत्या बटणाने, जादू कोणत्या, आणि खेळणाऱ्याचा अंगठा कुठे दुखतो. गुणांबरोबर दोषही सांगितले. घोडा पाण्यात गेला की गाळात म्हैस रुतावी तसा रुततो. बाजारातला लोहार इतका बोलतो की तलवार गंजून जाते. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी.

"मंग? त्या एरानं काय केलं मंग?" कलाबाई मध्येच ओरडली. ती विसरली होती की सगळं ध्वनिमुद्रित होतंय.

"सांगतो न काकू, दम धरा!" दिव्यानी म्हणाली, आणि आख्यानाला लागली.

जीभ लाकडाची होती म्हणे! ती आता पानावरच्या पाण्यासारखी पळत होती. चेटकीण आली की चैतूकाकांची बोटं मृदंगाच्या काठावर कुजबुजत. लांडगे आले की टाळ थरथरत. फक्त दाराचं गुपित दिव्यानीने फोडलं नाही. कारण खेळणाऱ्याचा आनंद हिरावून घेणारा परीक्षक कसला! ती एवढंच म्हणाली, "त्या दारात काय करायचं, ते तुमच्या आईने तुम्हाला लहानपणीच सांगितलंय," आणि धृपदावर आली.

बाराऐवजी एकोणीस मिनिटं झाली. घड्याळात चार वाजून छत्तीस. आणि फोनमध्ये नेटवर्कची एकही कांडी नाही.

गावात नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर लागे, तेही सोळाव्या पायरीनंतर. दिव्यानी लॅपटॉप छातीशी धरून धावली. मागे बुवा. मागे मृदंग गळ्यात तसाच असलेले चैतूकाका. त्यांच्या मागे कलाबाई, टाळ वाजवत, कारण हातात टाळ असले आणि पाय चालत असले की ते आपोआप वाजत. लोकांना वाटलं सप्ताह आजच लागला. दोघी-चौघी तर ओंजळीत फुलं घेऊन सामील झाल्या.

सोळाव्या पायरीवर फाईल चढू लागली. चाळीस टक्के. सत्तर. मध्येच चौकट आली: 'पाचपैकी तारे द्या.'

"तारे!" दिव्यानी वरून ओरडली. "किती द्यावं?"

"पाचही दे न, कायले चेंगटपणा!" खालून कलाबाई.

"तो घोडा रुतते न," चैतूकाका म्हणाले. "चार दे."

दिव्यानीने बुवांकडे पाहिलं. बुवा हसले. "पोरगी तू पाह्यली. मले काय विचारते?"

तिने साडेचार दिले. चार वाजून सत्तावन्न मिनिटांनी फाईल गेली.

मग कोणीच घरी जाईना. दिव्यानी सोळाव्या पायरीवर आणि बाकी सगळे टाकीखाली बसले. साडेसहाला फोन वाजला. दिव्यानीने तो मोठ्या आवाजावर टाकला.

"दिव्यानी?" संपादक मॅडमचा आवाज घोगरा होता. "हे काय पाठवलंय तुम्ही?"

कलाबाईने टाळ मुठीत घट्ट धरले.

"मी चार वेळा ऐकलं—म्हणजे दोनदा पूर्ण, आणि दोनदा नुसतं ते चेटकिणीचं. आमचे सगळे ऐकतायत इथे. पुढचा खेळ सोमवारी पाठवते. दर महिन्याला दोन, जमेल ना? आणि ती मध्ये ओरडणारी बाई कोण आहे? ती प्रत्येक वेळी पाहिजे."

कलाबाईने पदर डोक्यावर सारखा केला.

दिव्यानीच्या तोंडून नुसतं "हाव" निघालं. मग "हो". मग पुन्हा "हाव".

"पण एक विचारते," मॅडमचा आवाज एकदम बारीक झाला. "कोणाला सांगू नका. मला स्वतःला ते दार अजून उघडलेलं नाही. तुमचं धृपद ऐकलं आणि लगेच बसले. भार ठेव म्हणालात, म्हणून मी तलवार टाकली, ढाल टाकली, सगळ्या भाकरी टाकल्या. त्याने मला रिकाम्या हाती मारलं. मग आईने काय सांगितलं होतं ते आठवून नायिकेला नदीत नेऊन अंघोळ घातली. ओली मारली!"

दिव्यानी परीक्षक म्हणून ओठ घट्ट मिटून उभी राहिली. पण कलाबाई काही परीक्षक नव्हती.

"अवो बाई!" ती टाकीखालून अशी गरजली की फोनची गरजच नव्हती. "जोडे काढा न जोडे!"

 पलीकडून कळा दाबल्याचा टकटक आवाज. मग पावलं, अगदी हळू, पाटावर तांदूळ ओतल्यासारखी.

आणि मग फोनमधून जी किंकाळी आली, तिच्यावर चैतूकाकांनी थाप दिली.