अर्धा लांडगा

ऐन हॅलोविनच्या सकाळी मल्हारला ताप भरला आणि आता लांडगा कोण होणार, असा प्रश्न घरात उभा राहिला.

सोंग तर तयार होतं. जुन्या गालिच्याची कातडी, कागदाच्या लगद्याचं तोंड. मल्हार दोन आठवडे त्यासाठी खपला होता. जर्मनीतल्या येना शहरात त्यांच्या गल्लीत दरवर्षी मिरवणूक निघे. प्रत्येक मुलाबरोबर घरातलं एक मोठं माणूस नखशिखांत सोंग घेऊन, मुखवटा लावून चाले. चर्चसमोरच्या चौकापर्यंत त्याला कुणी ओळखलं नाही, तर तिथला भलामोठा भोपळ्याचा दिवा पेटवायचा मान त्या मुलाला. आठ वर्षांच्या ईप्सिताला तो दिवा पेटवायचाच होता. पण गेली दोन वर्षं समोरच्या इमारतीतल्या मराठी शैलाने तिच्या बाबाला, मल्हारला, त्याच्या खो-खो हसण्यावरून अर्ध्या वाटेतच पकडलं होतं.

"अहो बाबा, तुम्हीच व्हा की लांडगा," लतिका सासऱ्यांना म्हणाली.

आत्माराम साताऱ्याच्या कॉलेजातले निवृत्त ग्रंथपाल; महिन्यापूर्वीच मुलाकडे आलेले. निरोप समारंभात शाल घ्यायला व्यासपीठावर चढतानासुद्धा त्यांचे पाय लटपटले होते. "मी? छे गं! मी काहीतरी घोळ घालीन आणि पोरीचा विरस होईल."

"तोंडातून अक्षर काढायचं नसतं. त्यात तुमचा हात कोण धरणार?"

ईप्सिता दारात उभी राहून आजोबांकडे नुसती बघत होती. ती त्यांचं मराठी समजून घेई, पण उत्तर जर्मनमध्ये देई. त्यामुळे दोघांचं संभाषण महिनाभर बहुतेक बघण्यावरच चाललं होतं. आत्माराम उठले.

संध्याकाळी मिरवणूक निघाली, मुखवटा चढला आणि मग मात्र नवलच झालं. आत अंधार होता, खळीचा वास येत होता, आणि बाहेरून कुणालाही आत्माराम दिसत नव्हते! लोक बघत होते ते लांडग्याकडे. आत्मारामांनी हळूच एक पंजा हलवला. एका बाईने टाळ्या वाजवल्या. त्यांनी दोन्ही पंजे उगारले, तशी फुटपाथवरची पोरं किंचाळत पळाली. ईप्सिता हसली. मग काय विचारता! लांडगा खांबांचा वास घ्यायला लागला, सांगाड्याशी हस्तांदोलन करायला लागला, एका चेटकिणीपुढे तर त्याने कमरेत वाकून मुजराही केला.

शैला फुटपाथवरून बरोबरच चालली होती. "शेजारचे हेर फोग्ट? नाही, फोग्ट इतके नाचायचे नाहीत. ईप्सू, कोण आहे गं हा?"

ईप्सिताने ओठ घट्ट मिटून मान हलवली. चौक दिसायला लागला होता.

कोपऱ्यावर पुस्तकांचं एक काचेचं कपाट होतं; ज्याला नको असेल त्याने ठेवावं, हवं असेल त्याने न्यावं. सांगाड्याचा धक्का लागून त्याचं दार उघडलं, पुस्तकं खाली घसरली आणि लांडग्याचा केसाळ पाय नेमका एका पुस्तकावर पडला.

आत्माराम चटकन वाकले. पुस्तक उचललं, झटकलं आणि डोक्याला लावलं. लांबोडकं नाकाड मधे येत होतं, म्हणून पुन्हा नीट लावलं.

"अगं बाई!" शैला ओरडली. "हा तर आपल्यातलाच! मल्हार, पकडलं तुला!"

"बाबा नाहीये तो!" ईप्सिता भडकून चक्क मराठीत म्हणाली. "बाबाला ताप आलाय, तो घरी झोपलाय!"

"मग आत्मारामकाका!"

ओळखलं की मुखवटा काढायचा आणि रांगेतून बाहेर व्हायचं, असा नियम. त्यांनी मुखवटा काढला. घामाने निथळणारा चेहरा, तिरका झालेला चष्मा, उभे राहिलेले पांढरे केस आणि मानेखाली सगळा लांडगा. सगळी गल्ली त्यांच्याकडे बघत होती. ईप्सिताचे डोळे भरून आले होते.

"सॉरी गं, बाळा," ते पुटपुटले आणि फुटपाथकडे वळले.

तेवढ्यात फुलपाखराचे पंख लावलेली एक चिमुरडी त्यांच्या वाटेत आली. वर बघून तिने भोकाड पसरलं आणि जर्मनमध्ये आईला काहीतरी सांगितलं. आई हसत सुटली.

"काय म्हणते ती?" आत्मारामांनी घाबरून शैलाला विचारलं.

"म्हणतेय, मघाचा लांडगा बरा होता. हा माणूस होता होता मधेच अडकलाय!"

ईप्सिताने नाक पुसलं. आजोबांकडे वरपासून खालपर्यंत एकदा नीट बघितलं. मग तिने त्यांचा पंजा धरला, ओढतच त्यांना पुन्हा रांगेत आणलं आणि गर्दीला मोठ्याने जर्मनमध्ये बजावलं, की लांब उभे राहा, हा बदलतोय, अजून अर्धाच झालाय!

लोक मजेत मागे सरले. नियमाचं कुणी नावही काढलं नाही.

उघड्या चेहऱ्याने, शेकडो डोळ्यांसमोर आत्माराम थिजून उभे होते.

"आजोबा," ईप्सिता दबक्या आवाजात म्हणाली, "करा ना काहीतरी!"

आत्मारामांनी चष्मा नीट केला, खोल श्वास घेतला आणि गुरगुरले. किंकाळ्या उठल्या; त्यांत शैलाची सगळ्यात मोठी होती.

चौकात भोपळ्याचा दिवा कुणा दुसऱ्याच मुलीने पेटवला. ईप्सिताला पत्ता नव्हता. ती आजोबांभोवती घोळका जमवून, आता कुठला भाग बदलायचा राहिलाय, ते एकेकाला समजावून सांगत होती.