माझ्या पोटातला केस

मी एक जुना आर्द्रतामापक आहे, आणि तुम्हाला सांगायला लाज कसली, जन्माचा भित्रा आहे. हवेत दमटपणा किती आहे ते दाखवणं एवढंच माझं काम. पितळेची गोल डबी, पुढे काच, शून्यापासून शंभरपर्यंत आकडे आणि एक बारीक काटा. पण खरी गंमत माझ्या पोटात आहे, मित्रांनो. तिथे माणसाचा एक लांब केस ताणून बसवलेला असतो. हवा दमट झाली की तो केस किंचित वाढतो, कोरडी झाली की आखडतो, आणि तो ओढेल तसा काटा सरकतो.

ज्या बाईंनी मला घडवलं, त्या केस बसवण्याआधी स्पिरिटमध्ये धूत. दोनदा धूत. "याला तेलाचं बोटसुद्धा लागता कामा नये," असं त्या शेजारणीला बजावत. ते वाक्य मी जन्मतःच ऐकलं आणि आयुष्यभर त्याचीच धास्ती बाळगली.

पुढची बावीस वर्षं मी एका व्हायोलिन बनवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराच्या भिंतीवर काढली. लाकडाला हात लावण्याआधी तो माझ्याकडे बघायचा. "आज काय म्हणतोस?" असं विचारायचा. कोणी विचारलं की मला बरं वाटतं. तो थकला, दुकान बंद झालं, आणि मी जुन्या सामानाच्या खोक्यात जाऊन पडलो. तिथून मला एका घड्याळजीने उचललं, आपल्या मुलीसाठी.

मुलगी अकरा वर्षांची. घरात तिला सगळे टिकली म्हणत. "बघ, कसला छान आहे! तुझ्या सुतळीच्या पेटीत लावू," घड्याळजी म्हणाला. सुतळी म्हणजे एखादी भित्री मांजर असेल, असं मला वाटलं. काचेच्या पेटीत मला चिकटवलं, आणि समोरच्या लाकडाच्या ओंडक्याखालून मनगटाएवढा जाड साप बाहेर आला. जीभ लपलपवत त्याने माझी काच चाटली. माझी पाचावर धारण बसली. केसाने माझा काटा नऊ आकडे हलवला, आणि ते सगळे हवेमुळे नव्हते.

पण सुतळी बिनविषारी होती आणि माझ्याहून भित्री. दार वाजलं की गुंडाळून गोळा व्हायची. दोन भित्र्यांचं लवकर जमतं. टिकली रोज सकाळी माझ्यावरचा आकडा वहीत लिहायची. पंचावन्नच्या खाली गेला की पाणी फवारायची, सत्तरच्या वर गेला की झाकण थोडं उघडायची. सुतळीला अशी हवा मिळाली की तिची कात मोज्यासारखी अख्खी निघायची. टिकली ती शाळेत नेऊन मिरवायची.

मग थंडी आली. खोलीत हीटर सुरू झाला. पेटीचं झाकण उघडलं की कोरडी हवा आत शिरायची आणि माझा काटा थरथरायचा. ते साहजिकच होतं, पण घड्याळजीच्या नजरेला ते खपलं नाही.

"अडकतोय हा. थेंबभर तेल घातलं की सुतासारखा सरळ येईल."

मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर! त्याने माझं झाकण काढलं, सुईच्या टोकावर घड्याळाचं तेल घेतलं, आणि हलक्या, सराईत, प्रेमळ हाताने काट्याच्या खिळीवर सोडलं. थेंब ओघळला. केसापर्यंत पोचला. तेलकट केसाला हवेतला ओलावा शोषता येत नाही.

दोन दिवस मी कसाबसा हललो. तिसऱ्या दिवशी अठ्ठावन्नवर आलो आणि तिथेच बसलो. हीटर चालू, हवा वाळूसारखी कोरडी, आणि मी आपला अठ्ठावन्न. चौथ्या दिवशी अठ्ठावन्न. आठवड्याने अठ्ठावन्न. टिकली फवारणीची बाटली उचलायची, माझ्याकडे बघायची आणि परत ठेवायची.

"आई, सुतळीची कातडी कशी सुरकुतल्यासारखी दिसतेय गं."

"काटा काय म्हणतो?"

"अठ्ठावन्न."

"मग ठीक आहे की. उगाच फवारत बसू नकोस, बुरशी येईल."

मी रोज खोटं बोलत होतो आणि रोज माझ्यावरच विश्वास ठेवला जात होता. याहून भीतिदायक काही असेल तर मला ठाऊक नाही.

सुतळीचे डोळे दुधाळ झाले. कात टाकायची वेळ आली होती. पण कात सुटेना. ती ओंडक्याला अंग घासत राहिली, आणि चिंध्या निघाव्यात तसे तुकडे निघाले. डोळ्यांवरची कात मात्र तशीच राहिली, दोन धुरकट चकत्या. तिने खाणं सोडलं. माझ्या शेजारून जाताना ती काचेवर आपटली, तेव्हा मला कळलं की तिला नीट दिसत नाही. ती आंधळी होणार, आणि ते माझ्यामुळे!

"एवढंच ना?" घड्याळजी म्हणाला. डोळ्याला भिंग लावलं, सगळ्यात बारीक चिमटा घेतला. "केसाएवढी स्प्रिंग उचलतो मी. ही पापुद्र्यासारखी चकती म्हणजे काय! टिकले, धर तिचं डोकं."

टिकलीने डोकं धरलं. चिमट्याचं टोक डोळ्याजवळ आलं. अजून जवळ. माझं सगळं पितळ गार पडलं.

"बाबा, थांब!" टिकली रडवेली होऊन ओरडली. "थांब ना! आधी डॉक्टरबाईंना विचारू."

जनावरांच्या डॉक्टरबाई त्याच दुपारी आल्या. "चिमटा ठेवा बाजूला आधी," त्या दारातूनच म्हणाल्या. "खालचा डोळा फाटला असता. पेटीत दमटपणा किती आहे?"

"अठ्ठावन्न," घड्याळजी म्हणाला. "एकदम स्थिर आहे."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग टिकलीकडे. "तुमचे ओठ फुटलेत. हिचे केस फणी न लावता उभे राहिलेत. आणि अठ्ठावन्न?" त्यांनी बाटलीच्या झाकणात मीठ घेतलं, थेंबभर पाण्याने ओलसर केलं, आणि मला त्याच्याबरोबर डब्यात बंद केलं. "उद्या याच वेळी बघा. ओल्या मिठाशेजारी बंद हवेतला दमटपणा पंचाहत्तरच होतो, याने तेवढं दाखवायला हवं."

तो एक दिवस मी अंधारात कसा काढला, विचारू नका. डबा उघडला. अठ्ठावन्न.

घड्याळजीने मला हातात घेतलं. "तेल," तो म्हणाला. "मीच घातलं गं. माझ्या हाताने."

टिकलीने सुतळीला ओल्या शेवाळाच्या डब्यात ठेवलं. आता माझी रवानगी कचऱ्यात, असं मी धरूनच चाललो. पण घड्याळजीने माझं पोट उघडलं, तेलकट केस काढून टाकला आणि हात पुढे केला. टिकलीने आपल्या वेणीतला एक लांब केस उपटून त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो स्पिरिटमध्ये धुतला. दोनदा.

दीड महिन्याने सुतळीने पुन्हा कात टाकली. अख्खी, डोक्यापासून शेपटीपर्यंत. घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं, कातीचा तोंडाकडचा भाग उजेडात धरला.

"डोळ्यांवरच्या चकत्या आहेत," तो म्हणाला. "नव्या आणि जुन्या, दोन्हीकडच्या. सगळ्या निघाल्या."

ओंडक्याखालून दोन काळे, स्वच्छ डोळे माझ्याकडे बघत होते. माझा जीव भांड्यात पडला.

तेव्हापासून दर महिन्याला मला मिठाबरोबर डब्यात बसवतात. डबा बंद होताना मला अजूनही धडकी भरते. पण मित्रांनो, तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल, तर त्याच्यावर नुसता विश्वास ठेवू नका, त्याला अधूनमधून तपासा. आणि ज्याच्यासाठी तो लावलाय, त्याच्या अंगाकडेही बघा. सुतळी पंधरा दिवस खरं सांगत होती. सगळे मात्र माझ्याकडेच बघत होते.