उभं राहिल्यापासून चाळीस मिनिटं

एरंडोलच्या भरती अकॅडमीच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकूण सत्तावीस पाट्या होत्या. अकरा पहाटे उठण्याबद्दल, सात घामाबद्दल, पाच आईवडिलांच्या कष्टांबद्दल, तीन मोबाइलबद्दल आणि एक, दारावरची, चपला ओळीत काढण्याबद्दल. पाट्यांखाली पोलीस झालेल्या मुलामुलींचे दोनशे बारा फोटो. उंचीबद्दल पाटी एकही नव्हती. ही मोजदाद ज्योत्स्नाने पहिल्याच महिन्यात केली होती. तिला मोजायची खोडच होती, आणि भौतिकशास्त्रात बीएस्सी केल्यावर ती खोड आणखी वाढली होती.

भरतीत मुलींना उंची हवी एकशे पंचावन्न सेंटिमीटर. मागच्या खेपेला जळगावच्या मैदानावर तिची भरली एकशे चोपन्न पूर्णांक तीन. उंची आधी मोजतात, पळवतात नंतर. त्यामुळे आठशे मीटर दोन मिनिटं छत्तीस सेकंदांत पळणारी ही पोर कशी पळते, ते तिथे कुणी पाहिलंच नाही. सात मिलिमीटरसाठी ती दुपारच्या एसटीने घरी आली. आता धुळ्याची भरती निघाली होती. येत्या मार्चमध्ये तिचं वय अटीतून बाहेर जाणार होतं. म्हणजे ही शेवटची.

अकॅडमीचे जीवराम सर फौजेतून निवृत्त झालेले. माणूस सरळ, फी थकली तरी कुणाला काढत नसे. तिने एकदा धीर करून विचारलं होतं, “सर, उंचीचं काय करायचं?”

“लोंबकळायचं. आणि मन उंच ठेवायचं. आपली पुनम बघ.”

पुनम म्हणजे फोटो क्रमांक दोनशे सात. ती आता धुळ्यात पोलीस शिपाई होती आणि दर दिवाळीला अकॅडमीत भाषणाला यायची. “मी जे केलं तेच तुम्ही करा,” असं सांगायची. पुनमची उंची एकशे बासष्ट होती.

ज्योत्स्नाने दीड वर्ष सगळं केलं. चारला उठणं, वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन पळणं, बेडूकउड्या, लोंबकळणं. मग एके दिवशी तिला वाटलं, आपण करतोय ते सगळं, पण मोजत काहीच नाही.

तिने घराच्या भिंतीला स्टीलची टेप ठोकली. डोक्यावर सुताराचा काटकोनी गुण्या धरायचा आणि आकडा आईने वाचायचा. कोकिळाबाई चौथीपर्यंत शिकलेल्या, पण महिन्याभरात त्या मिलिमीटर असा वाचू लागल्या की शिंप्यानेही मान डोलवावी. सहा महिन्यांत पाचशे चाळीस नोंदी झाल्या. वही सांगत होती ते साधं होतं. अंथरुणातून उठताक्षणी ज्योत्स्ना १५५.८ असायची. वीस मिनिटं उभी राहिली की १५५.३. चाळीस मिनिटांनी १५५.०. त्यानंतर उतरायचीच. आणि सरांच्या पळण्यानंतर, रोज न चुकता, १५४.३.

पाठीच्या मणक्यांमधल्या गाद्या झोपेत पाणी धरून फुगतात, उभं राहिलं की दबतात. शरीरशास्त्राच्या बाराशे रुपयांच्या पुस्तकात जे होतं ते तिच्या भिंतीवरही होतं. जळगावला ती चार वाजल्यापासून उभी होती, वॉर्मअप करत. सरांनी सांगितलं तसं.

म्हणून तिने ठरवलं, या वेळी झोपायचं.

हजर राहायची वेळ सकाळी सातची होती. गटात तिचा क्रमांक छत्तिसावा. एका मुलीला एक मिनिट धरलं तर फाटकात पाय ठेवल्यापासून छत्तीस मिनिटांत तिची पाळी. हाताशी चार मिनिटं उरत होती. फक्त फाटकापर्यंत तिने उभं राहता कामा नये.

उजाडायच्या आत धनसिंग काकांची पिकअप दाराशी लागली. काका धुळ्याच्या बाजारात केळी नेत. त्या दिवशी त्यांनी अर्ध्या गाडीतच घड भरले आणि उरलेल्या अर्ध्यात केळीच्या पानांची हातभर गादी केली. ज्योत्स्नाला खाटेसकट उचलून बाहेर आणलं तेव्हा शेजारच्या धुरपदाबाई घागर टाकून धावल्या.

“काय व्हयनं वं पोरले?”

“काही नही,” कोकिळाबाई म्हणाल्या. “परीक्षा शे.”

धुरपदाबाईंसारखी वडीलधारी बाई समोर आलेली पाहून ज्योत्स्ना सवयीने कोपरावर उठायला गेली. आईने तिचा खांदा दाबून धरला. “पडी ऱ्हाय! सारा लोके पोरीले उठाडतस, मी झोपाडस. मन्ही लाज मी देखी लिसू.”

काका पानं सारखी करत म्हणाले, “वीस वरीस केळी न्हेस मी. एक बी घडले डाग पडू देयेल नही. तू तं मन्ही पुतनी शे.”

पारोळ्यापर्यंत ती डोळे मिटून होती. खड्डा आला की काका आधी ओरडून सांगत आणि बैलगाडीच्या वेगाने गाडी काढत. पानांचा ओला वास, पाठीखाली गारवा, वर ताडपत्री. तिला हसू येत होतं. दीड वर्ष घाम गाळून जे जमलं नाही ते आडवं पडून जमणार होतं. नाही जमलं, तर भिंतीवरची टेप काढून टाकायची आणि पुढे काय, हे तिला ठाऊक नव्हतं. पाचशे चाळीस नोंदींत त्याची नोंद नव्हती.

साडेसहाला गाडी मैदानाच्या फाटकापासून शंभर पावलांवर लिंबाखाली थांबली. बाहेर शेकडो मुली उड्या मारत होत्या, पाय ताणत होत्या. काका चहाला गेले. पहिली हाक सातला होणार होती. पावणेसात झाले. सातला दहा कमी. ताडपत्रीखालून तिला ओळखीचा आवाज आला.

“ही गाडी आपल्या धनसिंगची ना?”

आणि ताडपत्री वर झाली. जीवराम सर. शिट्टी गळ्यात, मागे अकॅडमीच्या चार मुली.

“ज्योत्स्ना?”

ती उठली. ठरवून नाही. सर समोर उभे आणि आपण लोळतोय, हे अंगालाच सहन झालं नाही. या वेळी खांदा दाबून धरायला आई नव्हती, ती घरीच राहिली होती. ती गाडीतून उतरली, वाकून सरांच्या पाया पडली आणि ताठ उभी राहिली. मनगटावरच्या घड्याळाची कळ तिने दाबली, ती मात्र ठरवून.

“बरं नाही का?”

“बरं आहे, सर. झोपले होते.”

मागच्या मुली फिसकन हसल्या. “सर, ही तर पानात बांधून आलीय. आता वाढायचीच बाकी!”

“भरतीच्या दिवशी झोपते?” सरांचा आवाज चढला. “दीड वर्ष मी काय शिकवलं? बघ या पोरींकडे. साडेतीनपासून पायावर आहेत.”

“त्यांची उंची एकशे साठच्या वर आहे, सर.”

“उंची, उंची! कारणं सांगणारी पोरं माझ्याकडे टिकत नाहीत.”

“कारण नाही, सर. मोजलंय.” तिने वही पुढे केली. बसून दाखवावी असं मनात आलं, पण सर उभे होते. “ही पळायच्या आधीची, ही नंतरची. रोजची.”

सरांनी चार पानं उलटली. त्यांनी वाचलं, हे तिला दिसलं. त्यांना पटलं नाही असंही नव्हतं. पण मागे चार मुली ऐकत होत्या.

“माझ्या पाट्या खोट्या आहेत म्हणायचंय तुला? दोनशे बारा मुलं लागली त्या पाट्यांवर.”

“आली किती होती, सर?”

“म्हणजे?”

“माझा प्रवेश क्रमांक एकोणीसशे सेहेचाळीस आहे. दोनशे बारांचे फोटो आहेत. बाकीचेही चारलाच उठायचे.”

मुलींचं हसू थांबलं.  सरांनी वही मिटून तिच्या हातात दिली आणि हळू म्हणाले, “हे आधी का नाही दाखवलंस?”

“तुम्ही उठायला सांगितलं होतं, सर. मोजायला नव्हतं सांगितलं.”

तिला घड्याळाकडे बघायचं नव्हतं, पण बघितलं. “नऊ मिनिटं झाली,” ती म्हणाली.

“कशाची?”

फाटकावर तिच्या गटाची हाक झाली. वेळेच्या एक मिनिट आधी.

रांगेत ती छत्तिसावी. नऊ आणि छत्तीस, पंचेचाळीस. एकोणिसावी मुलगी आलीच नव्हती: चव्वेचाळीस. सत्ताविसावीही नाही: त्रेचाळीस. तिचा श्वास जरा मोकळा झाला. आणखी तिघी न येवोत, असं तिने मागितलं आणि मागताना तिची तिलाच लाज वाटली. बाजूच्या लोखंडी कठड्याला धरून तिने अंग वर ताणून पाहिलं. “हात खाली, ताई. सरळ उभी राहा,” बंदोबस्तावरची पोरगी म्हणाली. आवाज ओळखीचा वाटला म्हणून तिने मान वळवली. पुनम होती.

पुनमनेही ओळखलं. ड्युटीवर होती, जवळ आली नाही. नुसती ओठ हलवून म्हणाली, “विश्वास ठेव.”

एकतिसावीचं माप कमी भरलं. ती रडत म्हणाली, पुन्हा मोजा. नियम होता, पुन्हा मोजलं. तिचा अंबाडा सोडवला, केस बाजूला केले, पुन्हा पट्टी खाली आली. त्यात चार मिनिटं गेली. सत्तेचाळीस.

ज्योत्स्ना फळीवर चढली. टाचा भिंतीला, पाठ भिंतीला, नजर समोर. तिने श्वास आत घेतला आणि धरून ठेवला. समोर, कठड्यापलीकडे, लिंबाखाली सर उभे होते. शिट्टी त्यांनी गळ्यातून काढली होती.

पट्टी डोक्याला टेकली.

“एकशे चोपन्न पूर्णांक नऊ,” मॅडमनी वाचलं.

“पुन्हा मोजा, मॅडम.”

त्यांनी पट्टी वर नेली, तिचे खांदे सारखे केले आणि पट्टी परत हळू खाली आणली. शेजारच्या शिपायाने रकान्यात लिहिलं: १५४.९.