फिरत्या दांड्याखाली

मित्रांनो, मी एक जुनं बेअरिंग आहे. वीज तयार करणाऱ्या एका अजस्र यंत्राचा दांडा मी वर्षानुवर्षं अंगावर पेलला.

माझा जन्म भट्टीतला. पोलादाच्या दोन अर्धगोल कवचांना आतून मऊ, पांढऱ्या धातूचा लेप दिला आणि मधे दांडा घालून ती बोल्टांनी करकचून आवळली. वर लोखंडी झाकण बसलं आणि माझा अंधार सुरू झाला. तिथे तसूभरही हलायची सोय नव्हती. दांडा आणि मी यांच्यामध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असे आणि त्यावर तो तरंगत फिरे. बाहेर माझी खबर नेणारी एकच गोष्ट होती, थर्मामीटरची तार. मी किती तापलोय, एवढंच ती सांगायची.

माझी निगा राखणाऱ्या मुख्य फिटरला सगळे मामा म्हणत. त्याची सख्खी भाची तिथेच इंजिनियर होती. तिचं ऐकून ऐकून साहेबसुद्धा त्याला मामा म्हणायला लागले होते. मामा जाता-येता झाकणावर तळहात टेकवायचा. माझं कौतुक म्हणाल तर तेवढंच.

पुढे यंत्राची ताकद वाढवायचं ठरलं. जाड दांडा आला. माझं पोट कोरून मोठं केलं आणि मला पुन्हा बंद केलं. यंत्र सुरू झालं नि माझ्या जिवाची काहिली झाली. तेल पूर्वीसारखं मुकाट सरकत नव्हतं. ते गरगरत होतं, उसळत होतं, मला पोळत होतं. मी तारेतून जीव तोडून सांगत राहिलो.

साहेब म्हणाले, "गणितात एवढा ताप येतच नाही. थर्मामीटर बिघडलाय, बदला."

बदलला. नव्यानंही तेच सांगितलं.

"हाही बिघडलेलाच निघाला!"

मित्रांनो, कोंडलेल्याला दुखतं ते सोसवतं; पण त्याला खोटारडा ठरवलं की भिंती आणखी जवळ येतात.

मामानं हात टेकवला आणि झटकन मागे घेतला. "साहेब, बंद करा हे."

"शेजारचं यंत्र दुरुस्तीला उघडलंय, मामा. हे बंद केलं तर गावाला वीज कुठून द्यायची? कारण दाखवा, मग बघू."

मामाची कामाची जागा माझ्या शेजारीच होती. मी वितळलो असतो तर दांडा खाली बसला असता, तेल पेटलं असतं. भाचीला ते ठाऊक होतं. ती कॉम्प्युटरला चिकटली ती जेवायलाही उठेना. एका दुपारी ती धावतच आली.

"मामा, आपलं गणित जुनं आहे. त्यात तेल पत्त्यांसारखं थराथरानं सरकतं असं धरलंय. पण जाड दांड्याची कड फार जोरात पळते. तेलात भोवरे उठतायत. भोवऱ्यांनी ओढ वाढते, ओढीनं ताप वाढतो. ते भोवरे गणितात घेतले, तर उत्तर थर्मामीटरशी जुळलं!"

"म्हणजे वरून शांत, आत खळबळ. अगदी तुझ्या मामीसारखं."

"मामा, हसू नका. तुम्ही इथून लांब व्हा आधी."

साहेबांनी तिचे आकडे पुन्हा पुन्हा पाहिले. "म्हणजे हा खरंच सांगत होता," ते पुटपुटले आणि लगेच यंत्रावरचा भार कमी करायला लावला. ताप थोडा उतरला. शेजारचं यंत्र घाईनं जोडून सुरू केलं, मग मला थांबवायची वेळ आली. तीच घडी अवघड होती. वेग उतरला की पापुद्रा विरळ होतो. अखेरच्या फेऱ्यांत दांडा मला घासलाच. माझा मऊ धातू फरफटत गेला, पण दांडा वाचला. कुणालाही इजा झाली नाही.

झाकण उघडलं. उजेड डोळ्यांत खुपला. मामानं माझ्या अंगावरच्या भेगांवरून हलकेच बोट फिरवलं. भाचीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

माझ्या जागी जास्त तेल पोचेल असं नवं बेअरिंग बसलं. माझं वरचं कवच भंगारात गेलं. मी, खालचं, गोदामातल्या फळीवर धूळ खात पडलोय. आता मला कुणी आवळलेलं नाही, तरी त्या दुसऱ्या अर्ध्याशिवाय हा मोकळेपणा माझ्या अंगी लागत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही मुकी यंत्रं असतील आणि कदाचित मुकी माणसंही असतील. त्यांच्या अंगाला चटका लागला, तर "असं होणारच नाही" म्हणू नका. आपलं गणित पुन्हा मांडा, आणि वेळेवर मांडा.