पडद्यावर नुसता बाण

मी खिडकीपाशी ठेवलेला संगणक बोलतोय. बोलतोय म्हणजे अगदी खरोखर. माझ्या बाईंना दिसत नाही. पडद्यावर येईल ते मी मोठ्यानं वाचायचं आणि त्यांनी ऐकत ऐकत बोटं चालवायची, असा आमचा सहा वर्षांचा संसार. जन्मलो कारखान्यात, पण शहाणा झालो त्यांच्या हाताखाली. अंध मुलांच्या शाळेत त्या भूगोल शिकवतात.

पडद्याशी त्यांना काय देणंघेणं? पण त्यांचे वडील, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले लाइनमन, माझ्यावर बातम्या वाचतात. "अक्षरं लुकलुकतात गं," अशी त्यांची कुरकुर. म्हणून त्या सकाळी बाईंनी पडद्याचा नवा ड्रायव्हर, म्हणजे पडदा चालवणारा प्रोग्राम, माझ्यात घातला. "पुन्हा सुरू करू?" मी विचारलं. त्यांनी होकार दिला.

आणि माझी वाचाच बसली. डेस्कटॉप उघडला की मग माझा आवाज फुटतो. तो उघडेचना.

"बाबा, काय दिसतंय?"

"काळंकुट्ट. मधोमध नुसता बाण."

"हलतोय?"

"हलवला की हलतो."

"म्हणजे धुगधुगी आहे."

साडेनऊ झाले होते. बाराला शाळेचा शिपाई दुपारच्या परीक्षेच्या ब्रेल प्रश्नपत्रिका न्यायला येणार होता. आठ मुलं, प्रत्येकी अकरा पानं. गुप्तता म्हणून दुसरी प्रत कुठेच नव्हती. होती ती माझ्या पोटात.

दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "ताई, सगळं पुसून नव्यानं टाकावं लागेल. संध्याकाळी येतो."

"वरातीमागून घोडं कशाला?" बाईंनी फोन आपटला.

बाबांनी स्टूल ओढलं. "लाइन बंद पडली की आम्ही आधी विचारायचो, शेवटचा हात कुणी लावला?"

"मीच लावला."

"मग जे घातलंस ते काढ."

वाट बाईंना पाठ होती, पण दिसत नव्हती. बाबांना दिसत होतं, पण वाट ठाऊक नव्हती. बाईंनी तीन कळा एकदम दाबल्या; यादी उमटली. त्या सांगत गेल्या, बाबा बाण सरकवत गेले. निळा फलक आला.

"'संगणक पूर्ववत करा' असं आहे. तेच करायचंय ना?" म्हणत बाबांनी दाबलंसुद्धा. समोर दोन ओळी आल्या. बाण दुसरीवर गेला.

मला ओरडायचं होतं. ओरडणार कशानं?

"थांबा! शब्दन् शब्द वाचा."

"'सगळं... काढून...'"

"हात उचला, बाबा!"

तारेचा झटका बसावा तसा त्यांनी हात मागे घेतला. "माझ्या डोळ्यांपायी हे झालं," ते पुटपुटले.

"आत्ता तेच डोळे हवेत मला," बाई म्हणाल्या. "मागे जा. सावकाश."

फलकावरच्या दुसऱ्या यादीतला चौथा पर्याय दाबल्यावर मी कसाबसा उठलो. त्याला सुरक्षित अवस्था म्हणतात. तीत मी ढोबळ अक्षरं दाखवतो, पण आवाज काढू शकत नाही. बाबा ओळ न् ओळ वाचत होते, बाई कळा सांगत होत्या. नवा ड्रायव्हर गेला, जुना परतला. मला पुन्हा सुरू केलं. दहा वाजून चाळीस मिनिटं.

बाईंनी दोन्ही तळवे माझ्या पेटीवर टेकले. पंखा घरघरला. आत एकेक दिवा लागत गेला.

"डेस्कटॉप," मी म्हणालो.

बाबा नाक शिंकरायला आत गेले.

मग मला जोडलेल्या ब्रेल छापणाऱ्या यंत्राची ठकठक सुरू झाली. शिपाई आला तेव्हा शेवटची चार पानं राहिली होती. तो घड्याळाकडे बघत उभा राहिला, तरी बाईंनी प्रत्येक ठिपका बोटांनी तपासूनच गठ्ठा सोडला.

संध्याकाळी एका विद्यार्थिनीचा फोन आला. "बाई, नद्यांचा प्रश्न फार किचकट काढलात हो!" बाई इतक्या हसल्या की त्यांना बोलवेना.

आता माझं वय झालंय. लवकरच माझ्या जागी दुसरा येईल, यावाही. फक्त एक मागणं आहे. मला कायमचं बंद कराल तेव्हा बाईंना आधी सांगा. कुणी अचानक गप्प झालेलं त्यांना सोसत नाही.