प्रकृती उत्तम असून तिला

माझी पत्नी, वय अडुसष्ट, हिची प्रकृती एकंदरीत उत्तम असून तिला

एवढंच पोचलं. आईच्या दुखण्यावर बाबांनी अकरा ओळी लिहिल्या होत्या, त्यातली ही पहिली. उरलेल्या दहा कुठे गेल्या देव जाणे. सकाळी साडेअकराला दवाखान्याचं उत्तर आलं, की रुग्णाची प्रकृती उत्तम असल्याने तूर्त भेटीची आवश्यकता दिसत नाही.

आई चौदा महिन्यांत नऊ वेळा पडली होती.

तोल जाण्यावर इलाज करणारा आमच्या आवाक्यातला हा एकच डॉक्टर. महिन्याला सहा नवे रुग्ण घेतो, तेही अर्ज वाचून. अर्ज संगणकावर भरायचा, भरलेला अर्ज दोनदाच दुरुस्त करता येतो, आणि मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती. मी जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढते. हातातला नकाशा तसाच टाकून घरी आले.

बाबा शांत होते. त्यांनी मजकूर आधी वेगळ्या पानावर टाइप केला होता, तीनदा तपासला होता, मग उचलून अर्जाच्या चौकटीत चिकटवला होता. चौकटीत अकराच्या अकरा ओळी दिसत होत्या. दवाखान्यालाच वाचता येत नसेल तर त्यांनी काय करायचं, असं त्यांचं म्हणणं.

दवाखान्याला फोन केला. चार जणांनी मला एकमेकांच्या गळ्यात मारल्यावर मी तिथल्या संगणक बघणाऱ्यापर्यंत पोचले.

"आमच्या यादीत एक पेशंट म्हणजे एक ओळ, ताई," तो म्हणाला. "मजकुरात कुणी एंटर मारला, की यंत्राला वाटतं पेशंट संपला."

मी विचारलं, मग चौकटीत सगळं दिसतं कसं. तो म्हणाला, चौकटीत दिसतं. आणि पुढे? पुढे नाही दिसत. हे दुरुस्त करा म्हणून तो सहा महिने वर सांगतोय, असंही म्हणाला, जणू त्याने आमच्या अर्जातले एंटर पुसले जाणार होते.

आता बाबांविषयी:

चौतीस वर्षं त्यांनी टायपिंगचे
वर्ग चालवले. टाइपरायटरवर ओळ
भरत आली की घंटी वाजते, मग
गाडी मागे ढकलून नवी ओळ धरायची.
टाइपरायटर गेले, घंटी त्यांच्या
डोक्यात राहिली. संगणक आपली ओळ
आपण मोडतो हे मी त्यांना किमान
पन्नासदा सांगितलंय. ते मान
डोलावतात. आणि ओळ भरली की
उजवी करंगळी एंटरवर.

ते एंटर दिसत नाहीत, हीच तर पीडा. मी चौकटीतच एकेक ओळ मागे ओढून वरच्या ओळीला जोडत गेले. बाबा शेजारी उभे राहून, सुबक मजकुराचं मी गाठोडं करतेय असं पुटपुटत होते. पहिली दुरुस्ती पाठवली. पोच आली:

…स्वयंपाकघरात ती तिसऱ्यांदा पडली तेव्हा

तेव्हा. पुढे कोरं. नेमकी तिथेच चौकटीची कडा होती. चौकटीने मोडलेली ओळ कुठली आणि बाबांनी मोडलेली कुठली, नुसत्या डोळ्यांना कळणारच नव्हतं. मी टेबलावर हात आपटला. आतल्या खोलीतून आईने विचारलं, कोण पडलं.

पुन्हा फोन. चिकटवूच नका, थेट चौकटीत टाइप करा, आणि लवकर, कारण पान दहा मिनिटांत आपोआप बंद होतं, असं संगणकवाल्याने सांगितलं. दहा मिनिटांत मी दोन बोटांनी माझं नाव आणि पत्ता लिहीन. एवढा मजकूर घरात एकच माणूस लिहू शकत होता.

साडेचार वाजले होते. बाबांना खुर्चीत बसवलं आणि एंटरवर माझं बोट आडवं धरलं.

"विश्वास नाही माझ्यावर?"

"तुमच्यावर आहे. करंगळीवर नाही."

ते सुरू झाले. पहिली ओळ भरली आणि करंगळी माझ्या नखावर आपटली. बाबा दचकले, अडखळले, पुढे गेले. दुसरी. तिसरी. दर वेळी लागत होतं आणि दर वेळी माझ्या तोंडून काहीतरी निघत होतं. तोवर आई भिंत धरत धरत येऊन दारात उभी राहिली होती.

पाचव्या आपटीनंतर ते पाठ केलेल्या मजकुरावरून घसरले. ओळ संपली की ते थांबायचे, शब्द जोखायचे, मग पुढचं. आता थांबायला जागाच नव्हती. पडद्यावर उमटत गेलं:

आणि सातव्या वेळी ती न्हाणीघरात पडली तेव्हा मी पुढच्या खोलीतच होतो परंतु टाइप करीत असल्याने मला तिची हाक ऐकू आली नाही आणि ती दोन तास ओल्या फरशीवर पडून होती आणि ही गोष्ट मी आमच्या मुलीलाही सांगितलेली नाही आणि तेव्हापासून ती उठली की मी तिच्या मागोमाग चालतो आणि माझेही वय झाले असून मी तिला सावरू शकेन असे मला वाटत नाही

मी ते वाचलं. बोट एंटरवरच ठेवलं, कारण पान बंद व्हायला एक मिनिट उरलं होतं.

"अहो, हे कशाला?" आई म्हणाली.

बाबांनी पूर्णविराम दिला आणि मला म्हणाले, पाठव.

पोच आली. मी शेवटचा शब्द आधी पाहिला. मग पहिला, मग मधले सगळे. पूर्ण होतं.

बाबांशी काय बोलावं कळेना म्हणून मी ओरडले: इतके महिने लपवलंत, मी काय परकी आहे का. आई म्हणाली, त्यांना नको बोलूस, मीच शपथ घातली होती.

सहा वाजता फोन वाजला. मंगळवारी सव्वादहा, सोबत ज्यांनी अर्ज लिहिला त्यांनाही आणा, डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलंय. बाबा लगेच कपाट उघडून सदरा शोधू लागले.

आईने चष्मा लावून पोच पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग म्हणाली, दोन तास नव्हते, पाऊण तास होता. हे आत्ताच्या आत्ता बदला.

"आता बदलता येत नाही, आई. दुरुस्त्या संपल्या."

"मग मी डॉक्टरांना पाऊणच सांगणार."

"तुला मोजायला घड्याळ होतं का तिथे?" बाबा कपाटातूनच म्हणाले. "मी बघितलं होतं. दोनच होते."