दात खाली, तोंड आपल्याकडे

आमच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच नव्हती. तिथे एक बँडसॉ आहे, कामाचं टेबल आहे आणि जिथे हात लावाल तिथे भुसा आहे. या भुशावरून माझ्या थोरल्या नणंदबाई मला भुसाबाई म्हणतात. चहाचा कप हातात घेतला की आधी विचारणार, "आज काय घातलंयस, साखर की सागवान?"

बँडसॉ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. वर एक चाक, खाली एक चाक आणि दोन्हींवरून पट्ट्यासारखं फिरणारं दातेरी पातं. लाकूड टेबलावरून पुढे सरकवायचं, पातं ते कापत जातं. हे कापणं मी माझं मीच शिकले, मासिकांतली चित्रं पाहून आणि बऱ्याच फळ्यांची माती करून. पातं बदलण्याचं खातं मात्र आमच्या ह्यांच्याकडे. "ते उसळतं, तुला लागेल," असं हे म्हणायचे. मीही म्हटलं, असू दे, संसारात माणसाला एखादा तरी मान हवा.

त्या रविवारी हे परगावी होते. दुपारी गॅरेजच्या दारात ताई, म्हणजे याच नणंदबाई, उभ्या, डावा बूट हातात.

ताईंचा डावा पाय जन्मापासून आखूड आहे. त्या बुटाच्या तळाला हलक्या लाकडाचा जाड ठोकळा चिकटवलेला असतो, बुटाच्याच आकाराचा. घरात त्याला 'उंची' म्हणतात. ती उंची उभी चिरून तिचे दोन तुकडे झाले होते.

"आजचाच मुहूर्त सापडला मेलीला," ताई म्हणाल्या.

कारण उद्या ताईंचा शाळेतला पहिला दिवस होता. पन्नाशीला टेकेपर्यंत त्यांनी घरी बसून शिकवण्या घेतल्या. आता कुठे एका शाळेने गणित शिकवायला बोलावलं होतं. भरला वर्ग, मोठा फळा आणि त्याच्यापुढे उभ्या ताई. बूटवाल्याचं दुकान रविवारी बंद.

"काठी आहे की," मी म्हटलं.

"काठी नको. पोरं पहिल्या दिवशी बाईंना जे नाव ठेवतात ते शेवटपर्यंत चिकटतं. स्वभावावरून ठेवू देत, माझी ना नाही. काठीवरून नको."

लाकूड घरात होतं, पण मशीनवर रुंद पातं चढवलेलं होतं. रुंद पातं सरळ फाडायला उत्तम, पण बुटाच्या गोलाईत त्याला वळताच येत नाही. अरुंद पातं भिंतीवरच्या खिळ्याला, तीन वेटोळी करून तारेने बांधलेलं. मी ह्यांना फोन लावला.

"हात लावू नकोस त्याला," हे म्हणाले. "परवा आलो की करतो."

"अहो, ताईंची शाळा उद्या आहे."

"मग तिला सांग, खुर्चीत बसून शिकव. गणिताला कशाला लागतंय उभं राहायला?"

फोनचा स्पीकर चालू होता. ताईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

"माझ्या प्रत्येक दुखण्यावर या घरात एकच औषध," त्या म्हणाल्या, "खुर्ची!"

मी नेमकं तेव्हाच त्यांच्यासाठी स्टूल ओढत होते. ते गुपचूप पायाने टेबलाखाली ढकललं.

मशीनचा प्लग काढून मी तो ताईंच्या हातात दिला, म्हणजे कुणी चुकूनही लावायला नको. मग ताण सैल केला, दोन्ही दारं उघडली आणि रुंद पातं उतरवलं. इथपर्यंत ह्यांना करताना पाहिलेलं होतं. नव्या पात्यासाठी मी चष्मा लावला, हातमोजे घातले. ह्यांचे हातमोजे आणि चष्मा ताईंना दिला.

"तार काढली की हे उसळणार. तुम्ही तिकडून धरा. हात लांब, तोंड त्याहून लांब. आणि काही झालं तरी सोडायचं नाही."

"आणि तू?"

"मी इकडून ओरडते."

तार निघाली. सळ्ळकन आवाज झाला आणि वेटोळी फटाफट उलगडून आमच्या दोघींच्या मध्ये भलंमोठं कडं थरथरत उभं राहिलं. ओरडलो दोघीही. सोडलं कुणीच नाही.

ते टेबलाच्या फटीतून आत घेतलं, वरच्या चाकावर बसवलं, खालच्या चाकावर बसवलं. मला मनातून फार आनंद झाला. तेवढ्यात ताई वाकून म्हणाल्या, "अगं, हे दात वर बघतायत."

खरंच. दात नेहमी खाली हवेत आणि त्यांचं तोंड कापणाऱ्याकडे. दात वर असले तर पातं लाकूड टेबलावर दाबून धरायच्या ऐवजी उचलूनच फेकेल. उतरवलं. वरची बाजू खाली केली. आता दात खाली बघायला लागले, पण आमच्याकडे पाठ करून. पुन्हा फिरवलं. तोंड आमच्याकडे, दात वर.

"तुझ्या नवऱ्यासारखं आहे," ताई म्हणाल्या. "एक बाजू सरळ केली की दुसरी रुसते."

"दुकानदाराने उलट्या बाजूचं दिलंय हो हे," मी म्हटलं. पातं टेबलावर टेकवून आम्ही थांबलो. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं.

ताई बूट नसलेल्या पायाने उभ्या होत्या, नुसत्या मोज्यावर, टाच उचलून. मोज्यात भुसा शिरला असावा. एका हाताने टेबल धरून त्यांनी मोजा ओढून काढला. वीस वर्षं मी या घरात आहे, पण तो पाय मी कधी पाहिला नव्हता. त्या झोपतानाही मोजे घालतात. उजव्याहून बारीक, गोरा पाय होता तो, आणि पाचही नखांना नीट, काठाबाहेर जराही न गेलेलं गडद लाल नेलपेंट.

माझी नजर त्यांनी पकडली. "काय बघतेस? त्याला काय हौस नसते?"

मी घाईने नजर वळवली ती त्यांच्या हातातल्या मोज्यावर. ओढून काढल्यामुळे तो उलटा झाला होता. आतली शिवण बाहेर आली होती.

"ताई, मोजा!"

"काय झालं मोज्याला?"

"उलटा झालाय!"

"मग घालताना करीन सुलटा. ओरडतेस काय?"

"पात्याचंही तसंच करायचं! आतली बाजू बाहेर!"

दोघींनी दोन टोकांना धरलं आणि मनगटं एकाच दिशेला हळूहळू मुरडत नेली. पातं कुरकुरलं, मध्येच इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं झालं, अडलं. आणि मग एकदम पलटून गोल झालं. चाकांवर चढवलं. दात खाली, तोंड आमच्याकडे.

ताण दिला. चाक हाताने फिरवत राहिले, पातं मधोमध धावेपर्यंत. पातं आणि त्याच्या बाजूचे आधार यांच्यात कागदाएवढी फट ठेवली, दारं लावली. मग ताईंनी समारंभाने प्लग लावला. जुन्या उंचीचं माप नको म्हणाल्या, ती झिजली होती. त्या ताठ उभ्या राहिल्या आणि डाव्या बुटाखाली मी एकेक पातळ फळी सरकवत गेले, "बास" म्हणेपर्यंत. तेवढ्या जाडीच्या लाकडावर बूट ठेवून पेन्सिल फिरवली. पातं त्या रेषेवरून लोण्यातून जावं तसं वळत गेलं. सगळं होईपर्यंत ताई बसल्या नाहीत. मीही बसा म्हटलं नाही, जीभ चावून चावून.

नवी उंची बुटाला चिकटवली आणि रात्रभर बूट क्लॅम्पच्या पकडीत राहिला. सकाळी ताईंनी तो घातला आणि गॅरेजमध्ये एक फेरी मारली. मग माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"कसं वाटतंय?"

"तू माझ्यापेक्षा बुटकी आहेस," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं कळलंच नव्हतं."

मग पर्सचा पट्टा खांद्यावर ओढत म्हणाल्या, "आभारबिभार मला जमत नाही हं."

"मग मी मानते."

"तू कशाबद्दल?"

पात्याचं दुसरं टोक न सोडल्याबद्दल, आणि तो पाय मला दिसू दिल्याबद्दल, असं सांगायचं होतं. पण अशी वाक्यं तोंडापर्यंत येतात आणि तिथेच बसकण मारतात. मी म्हटलं, "असंच."

"उशीर होईल मला," म्हणून त्या पायऱ्या उतरल्या. कठड्याला हात न लावता. फाटकापाशी पोचल्या तेव्हा 'सोडायला येऊ का?' हे अगदी जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं आणि त्या वळणावर दिसेनाशा होईपर्यंत पायरीवर उभी राहिले.